उज्जयिनीचा दगड आणि काचेतला पारा

उज्जयिनीच्या दक्षिण भागात, क्षिप्रेच्या काठी, जयसिंगपुऱ्यात जी जुनी वेधशाळा उभी आहे तेथे दरवर्षी २१ जूनच्या दुपारी शाळेतली मुले, शिक्षक आणि हौशी नागरिक जमतात. आवारातील शंकुयंत्राची सावली त्या दिवशी मध्यान्ही पायाशी लुप्त होते, तो चमत्कार त्यांना पाहावयाचा असतो. उज्जयिनीचे अक्षांश सुमारे २३ अंश ११ कला. कर्कवृत्त तिच्या उत्तरेस अवघ्या पाव अंशावर. साहजिकच त्या दुपारी सूर्य डोक्यावरून पाव अंश तेवढा ढळलेला असतो आणि मीटरभर उंचीच्या शंकूची सावली चार-पाच मिलिमीटरांपेक्षा लांब पडत नाही. ती डोळ्यांना दिसावी कशी? कित्येक वर्षी तर मृगाचे ढग आभाळात दाटलेले असतात आणि सावली नाहीशी होताना पाहावयास आलेल्या मंडळींना मुळात सावलीच मिळत नाही.

सूर्य सर्वांत उंच आणि दिवस सर्वांत मोठा, तेव्हा वर्षातला सर्वांत उष्ण दिवसही हाच असावा असा तर्क कोणीही करील. पण माळव्यातला शेतकरी तो मान्य करणार नाही. तेथील उन्हाळ्याचा कहर मे महिन्यात होतो. तेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, दुपारी रस्ते ओस पडतात आणि लू वाहू लागते. जूनचा तिसरा आठवडा उजाडेपर्यंत मोसमी वारे येऊन पोहोचण्याच्या बेतात असतात, एखाददुसरी सर पडून गेलेली असते आणि हवेचा ताव उतरू लागलेला असतो. सूर्याचा हिशेब एक सांगतो, हवेचा हिशेब दुसरेच सांगतो. याच वेधशाळेत हे दोन्ही हिशेब ठेवले जातात. सूर्याचा हिशेब दगडचुन्याची यंत्रे ठेवतात. शहराच्या रोजच्या उष्णमानाची नोंदही येथेच होते आणि दुसऱ्या दिवशी ती स्थानिक वृत्तपत्रांत छापून येते. दगडी यंत्राला ऊन हवे असते. हवेचे उष्णमान मोजणाऱ्या यंत्राला सावली हवी असते. हे दुसरे यंत्र म्हणजे काचेच्या बारीक नळीत पारा किंवा मद्यार्क भरून केलेला थर्मामीटर.

या दोन्ही यंत्रांची घडण जवळजवळ एकाच काळातली आहे, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. आंबेरचा राजा सवाई जयसिंह याच्याकडे माळव्याची सुभेदारी एकाहून अधिक वेळा आली होती. त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी आणि उज्जयिनी अशा पाच ठिकाणी वेधशाळा बांधल्या. दिल्लीची वेधशाळा सामान्यतः १७२४ सालची मानतात. त्याच १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कामकाजात अ‍ॅमस्टरडॅमच्या एका यंत्रकाराचे लेख प्रसिद्ध झाले. त्याचे नाव दानिएल गाब्रिएल फॅरनहाइट. जयसिंहाची तक्रार अशी होती की पितळेची यंत्रे आकाराने लहान पडतात, त्यांचे आस झिजतात, मध्यबिंदू सरकतो आणि वेध चुकतात. म्हणून त्याने यंत्रे प्रचंड केली व ती जमिनीत रोवली. उज्जयिनीच्या सम्राट यंत्राची जिन्याची भिंत सुमारे २२ फूट उंच आहे. फॅरनहाइटचा मार्ग याच्या अगदी उलट होता. अचूकपणासाठी त्याने यंत्र खिशात मावेल इतके लहान केले. केसाएवढ्या छिद्राची नळी घेऊन त्याने तिच्यात पारा कोंडला.

जयसिंहाला युरोपातील विद्येची ओढ होती. १७२७ साली त्याने मॅन्युएल द फिगेरेदो या जेझुइट पाद्रीबरोबर पोर्तुगालला एक शिष्टमंडळ धाडले. ते गोव्याच्या वाटेने परत आले तेव्हा ला हीर या फ्रेंच ज्योतिषाची ग्रहकोष्टके राजाच्या हाती पडली. त्याने ती आपल्या वेधांशी ताडून पाहिली आणि त्यांत चुका काढल्या. त्याला ग्रहताऱ्यांची स्थाने हवी होती. हवेच्या उष्णतेला आकडा देण्याचा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. खरे म्हणजे तोवर तो प्रश्न युरोपातही नीट सुटला नव्हता.

उष्णतेला आकडा देणे कठीण का, हे क्षिप्रेच्या घाटावर माघस्नान करणारा भाविक सांगू शकेल. पहाटे बोचऱ्या वाऱ्यात कुडकुडत तो पाण्यात उतरतो आणि पाणी त्याला कोमट लागते. तेच पाणी आदल्या दुपारी उन्हातून आल्यावर गार लागले होते. पाणी फारसे बदललेले नसते. बदललेली असते ती त्याची कातडी. स्पर्शाला आपल्याहून ऊन आणि आपल्याहून गार एवढेच कळते. म्हणून उष्णतेने ज्यात डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो अशी एखादी वस्तू शोधणे भाग होते. पदार्थ तापला की फुगतो, हा तो फरक.

सोळावे शतक सरता सरता गॅलिलिओने काचेच्या फुग्यातील हवेच्या प्रसरणावर चालणारे एक साधन केले, आणि पुढे सांतोरिओ या वैद्याने अशा साधनाला मापपट्टी जोडली. पण ही साधने खालून उघडी होती. बाहेरच्या हवेचा दाब कमीजास्त झाला तरी नळीतले पाणी वरखाली होई, आणि ते उष्णतेने हलले की दाबाने, हे कळण्यास मार्ग नसे. टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा फर्डिनांड याने १६५४ च्या सुमारास नळीत मद्यार्क भरून तिचे वरचे तोंड काच वितळवून बंद केले, तेव्हा हा दोष गेला. द्रव काचेत पुरता कोंडला गेला आणि आजचा थर्मामीटर जन्मास आला. त्याच ड्यूकने अशी यंत्रे इटलीतील मठांत आणि इटलीबाहेर पॅरिस, वॉर्सा येथपर्यंत पाठविली, आणि त्या त्या ठिकाणची माणसे दिवसातून अनेक वेळा आकडे टिपून ठेवू लागली. हवामानाच्या नोंदींचे जाळे म्हणतात ते प्रथम येथे विणले गेले.

त्या जाळ्यात एक मोठी उणीव होती. फ्लॉरेन्सच्या कुशल कारागिराने एका हाताने केलेली यंत्रे एकमेकांशी बरीचशी जुळत. पण दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कारागिराचे यंत्र आणले की त्यावरच्या विसाचा यावरच्या विसाशी काही संबंध नसे. टस्कनीतील कडक हिवाळा व कडक उन्हाळा या दोन खुणा त्यांनी मानल्या होत्या. पण हिवाळा काही दरसाल सारखा येत नाही. भारतीय ज्योतिषाच्या अभ्यासकाला ही अडचण चटकन उमगेल. रेखांश मोजावयाचे तर कोठेतरी शून्य मानावे लागते, आणि आपल्या सिद्धांतकारांनी ते शून्य उज्जयिनीच्या याम्योत्तरावर मानले. सर्वांनी तेच शून्य मानले म्हणून काशीच्या आणि पैठणच्या गणिताची गाठ पडू शकली. उष्णतेला असे शून्य अजून कोणी दिले नव्हते.

ते देणारा फॅरनहाइट १६८६ साली डान्झिग येथे जन्मला. १७०१ साली विषारी अळंबी खाण्यात आल्याने त्याचे आईवडील एकाच दिवशी मरण पावले. पालकांनी पोराला व्यापार शिकण्यासाठी अ‍ॅमस्टरडॅमला धाडले, पण त्याचे लक्ष काच फुंकण्याकडे आणि यंत्रांकडे. कर्जे झाली, पेढीत मन लागेना; तेव्हा पालकांनी त्याला पकडून डच कंपनीच्या जहाजावरून पूर्वेकडे पाठविण्याची परवानगी मिळविली. ती अमलात आली असती तर हा मनुष्य पूर्वेच्या एखाद्या वखारीत मिरीच्या गोण्या मोजीत बसला असता. तो पळाला आणि गावोगाव फिरत राहिला. १७०८ साली कोपनहेगनला तो ओले रोमर या ज्योतिषास भेटला. प्रकाशाला वेग असतो हे गुरूच्या उपग्रहांवरून दाखविणारा तोच हा रोमर. रोमर आपले थर्मामीटर दोन ठराविक खुणांवरून आखीत असे. ती युक्ती फॅरनहाइटने उचलली व घासूनपुसून पक्की केली.

बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला त्याने शून्य म्हटले. बर्फ व पाणी यांच्या मिश्रणाला ३२. आणि निरोगी माणसाच्या तोंडातील वा काखेतील उष्णतेला ९६. हे आकडे विक्षिप्त वाटतात. पण ३२ आणि ९६ यांच्यामध्ये ६४ घरे पडतात, आणि ६४ चे निम्मे, त्याचे निम्मे असे सहा वेळा करीत गेले की एक उरतो. हाताने रेघा आखणाऱ्या कारागिराला याहून सोयीचा आकडा शोधून सापडणार नाही. पाण्याचा उत्कलनबिंदू २१२ हा या पट्टीवर पुढे आला. १७१४ साली फॅरनहाइटने मद्यार्काचे दोन थर्मामीटर हाले येथील ख्रिस्तिआन वोल्फ या प्राध्यापकास दिले होते. दोन्ही एकत्र ठेवले असता एकच आकडा दाखवितात, हे पाहून वोल्फला इतके आश्चर्य वाटले की त्याने त्यावर लेख लिहिला. आज यात नवल वाटत नाही. तेव्हा मात्र दोन यंत्रांनी एक बोलावे हीच अपूर्वाई होती, आणि थर्मामीटरची सारी थोरवी तीत आहे. सम्राट यंत्र एका जागी अचूक असते; ते उचलून नेता येत नाही. थर्मामीटर शंभर ठिकाणी न्यावा आणि त्याने सगळीकडे एकाच भाषेत बोलावे, अशी अपेक्षा असते.

१७१४ च्या सुमारासच फॅरनहाइट पाऱ्याकडे वळला. पुढे १७४२ साली स्वीडनमधील अँडर्स सेल्सिअस याने गोठणबिंदू आणि उत्कलनबिंदू यांच्यामध्ये शंभर भाग पाडले. त्याच्या पट्टीवर उकळते पाणी शून्यावर होते आणि बर्फ शंभरावर! ती पट्टी त्याच्यानंतर लवकरच उलटी करण्यात आली. जयसिंह १७४३ साली वारला व सेल्सिअस १७४४ साली. एकाने आकाशासाठी दगड रचले, दुसऱ्याने उष्णतेसाठी शंभर पायऱ्या रचल्या. परस्परांचे नावही त्यांनी ऐकले नसेल.

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. एक अंश सेल्सिअस उष्णमान वाढले की पारा आपल्या आकारमानाच्या दहा हजार भागांत सुमारे १.८ भाग वाढतो. काचही वाढते, पण फार कमी. तेव्हा नळीत दिसणारी वाढ दहा हजारांत सुमारे १.६ भागांची उरते. एवढीशी वाढ उघड्या वाटीत दिसणार नाही. पण अर्धा घन सेंटिमीटर पारा फुग्यात भरला आणि त्याला वर सरकण्यास एक दशांश मिलिमीटर व्यासाची केशनलिका ठेवली, तर दर अंशाला पाऱ्याची रेघ सुमारे एक सेंटिमीटर चढते. फुगा मोठा आणि नळी बारीक, यातच सारी करामत आहे. नळी इतकी बारीक असते की आतला पारा नुसत्या डोळ्यांना नीट दिसणार नाही. म्हणून नळीची पुढची बाजू भिंगासारखी गोलट घडवितात आणि तिच्यातून तो रुंद दिसतो.

पाणी का भरीत नाहीत, हा प्रश्न वर्गात हटकून विचारला जातो. शून्य अंशापासून तापू लागलेले पाणी आधी आकसते, चार अंशांवर अगदी घट्ट होते आणि मग वाढू लागते. अशा द्रवाचा थर्मामीटर आठ अंशांवर आणि शून्यावर जवळजवळ एकच आकडा दाखवील. शिवाय गोठल्यावर तो काच फोडील ते वेगळेच. पारा काचेला चिकटत नाही, चकाकतो, झटपट तापतो आणि बऱ्याच समान पावलांनी वाढतो. उणे ३९ अंशांच्या आसपास तो गोठतो आणि ३५७ अंशांच्या आसपास उकळतो. नळीत नायट्रोजन वायू दाबून भरला तर तो त्याही पलीकडे पाचशे अंशांपर्यंत चालविता येतो. त्यापुढे काचच मऊ पडू लागते. पारा हा मुळात द्रवरूपच धातू आहे, तो कधी घट्ट होतच नाही, असा पूर्वी बऱ्याच जणांचा समज होता. १७५९ च्या डिसेंबरात सेंट पीटर्सबर्ग येथे ब्राउन याने बर्फ व आम्ल यांच्या मिश्रणात तो गोठविला, आणि हातोडीने ठोकता येईल असा धातूचा गोळा लोकांना दिसला. त्याहून थंड जागी मद्यार्क वापरतात. तो पाऱ्याच्या सहापट फुगतो आणि उणे शंभराच्याही खाली द्रव राहतो. पण सुमारे ७८ अंशांवर उकळतो, म्हणून उकळत्या पाण्यात तो कामाचा नाही. बाजारी थर्मामीटरात दिसणारा लाल रंग त्याला मुद्दाम दिलेला असतो.

वरच्या खुणेबद्दल उज्जयिनीत एक अडचण येते. पाणी शंभर अंशांवर उकळते हे विधान समुद्रसपाटीच्या दाबाला लागू आहे. उज्जयिनी समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब कमी, आणि पाणी सुमारे ९८.४ अंशांवरच उकळू लागते. तेथील एखाद्या हौशी विद्यार्थ्याने चुलीवरच्या पातेल्यातील वाफेत नळी धरून शंभराची खूण केली तर त्याचे यंत्र जन्मभर दीड अंशाने खोटे बोलेल. ही गोम सेल्सिअसला ठाऊक होती. उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर बदलतो आणि बर्फाचा बिंदू बदलत नाही, हे त्याने स्वतः पडताळले होते. खालच्या खुणेची अडचण आपल्याकडे वेगळ्याच जातीची होती. माळव्याच्या उन्हाळ्यात बर्फ आणावयाचा कोठून? अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजात भरून कलकत्त्यास प्रथम उतरला तो १८३३ साली. पुढे बराच काळ चांगली यंत्रे लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत तपासून, प्रमाणपत्रासह, या देशात येत.

आणि प्रमाणपत्र मिळाले म्हणून काम संपत नाही. काच वरवर निर्जीव, पण ती स्वस्थ बसत नाही. फुंकताना तापविलेला फुगा थंड झाल्यावरही वर्षानुवर्षे किंचित आकसत राहतो, त्यामुळे पारा वर ढकलला जातो आणि शून्याची खूण हळूहळू खोटी पडते. इंग्लंडमधील जूल याने आपल्या एका थर्मामीटरचा शून्यबिंदू १८४४ पासून १८८२ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षे, पुनःपुन्हा बर्फात धरून तपासला. तो सुमारे एक अंश फॅरनहाइट वर सरकला होता. एका नळीवर अडतीस वर्षे नजर ठेवणारा हा मनुष्य होता मद्य गाळणाऱ्या कारखान्याच्या मालकाचा मुलगा. विद्यापीठाच्या प्राध्यापकांनाही हेवा वाटावा अशी ही चिकाटी आहे. पुढे जर्मनीत येना येथे खास काच निघाली आणि हा दोष बराच आटोक्यात आला.

या मोजमापाच्या कामात मराठी माणसे पडली ती मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत. १८४० साली एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली तेथे एक कोवळा मराठी तरुण नोकरीस लागला. नागावचे केरो लक्ष्मण छत्रे ते हेच. पुढे पुण्यात गणित शिकविणारे, टिळकांचे गुरू म्हणून ख्याती पावलेले केरूनाना. त्या वेळी त्यांचे वय पंधरा-सोळा वर्षांचे. सुमारे दहा वर्षे त्यांनी चुंबकसूचीच्या आणि हवेच्या नोंदींचे काम केले. या वेधशाळेची देखरेख काही काळ 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडेही होती. १८४६ साली ते निवर्तले. ठरलेल्या घटकेला उठून, कंदिलाच्या उजेडात, डोळा पाऱ्याच्या टोकाच्या बरोबर समोर धरून आकडा वाचावयाचा. डोळा वर असला तर आकडा कमी-अधिक एका बाजूला चुकतो, खाली असला तर दुसऱ्या बाजूला. आणि कंदील जवळ नेला की पारा चढतो. केरूनानांच्या पुढील कारकीर्दीत पंचांगशोधनाचा आग्रह जो दिसतो, पंचांगातले गणित आकाशाशी जुळले पाहिजे असा, त्याचे मूळ या रात्रींत शोधणे वावगे होणार नाही.

उज्जयिनीच्या दगडांची अवस्था त्या काळात चांगली नव्हती. १७३० नंतर माळव्यात मराठ्यांचा अंमल बसला, राणोजी शिंद्यांनी उज्जयिनीस आपले ठाणे केले आणि त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. वेधशाळेकडे मात्र कोणी पाहिले नाही. १७९२-९३ च्या सुमारास पामरसाहेबाच्या लवाजम्याबरोबर विल्यम हंटर हा इंग्रज वैद्य तेथे आला. त्याने पडक्या यंत्रांचे वर्णन लिहून ठेवले, जागेचे अक्षांश पुन्हा मोजले आणि जयसिंहाच्या ज्योतिषाच्या नातवाशी त्याच गावात संभाषण केले. त्या नातवाजवळ यूक्लिडची आणि लॉगॅरिथमची संस्कृत भाषांतरे होती. १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली आणि उज्जयिनी आणखी मागे पडली. शेवटी १९२३ साली माधवराव शिंदे यांनी वेधशाळेचा जीर्णोद्धार केला. त्यामागे सिद्धांतवागीश नारायणजी व्यास आणि गोविंद सदाशिव आपटे यांचा आग्रह होता. आपटे हेच तिचे पहिले अधीक्षक झाले. जिवाजी वेधशाळा हे नाव तिला पुढे मिळाले, आणि १९४२ पासून तेथून दरसाल ग्रहपंचांग निघू लागले. दोनशे वर्षे मुके राहिलेले दगड एका मराठी पंडिताच्या हाताने पुन्हा बोलू लागले. त्यांच्या शेजारी हवेच्या उष्णमानाची नोंदही तेथील नित्यकर्म होऊन बसली.

हवेचे उष्णमान म्हणजे नक्की काय, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. थर्मामीटर फक्त स्वतःचे उष्णमान सांगतो. तो उन्हात टांगला तर काच ऊन पिते आणि पारा हवेच्या कितीतरी वर चढतो. 'उन्हात ५५ अंश होते' अशा बढाया उन्हाळ्यात ऐकू येतात. तो आकडा त्या काचेचा असतो, हवेचा नव्हे. म्हणून एकोणिसाव्या शतकात टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या इंजिनिअरने झडपांची पांढरी लाकडी पेटी काढली. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे ते वडील. तिच्यात वारा खेळतो, पण ऊन शिरत नाही, पाऊस शिरत नाही. जमिनीपासून सुमारे चार फुटांवर ती उभी करतात.

हवामानखात्याच्या केंद्रांवर अशा पेटीत चार थर्मामीटर ठेवण्याचा प्रघात आहे. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला ओल्या मलमलीची चिंधी. पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेते, म्हणून दुसरा पहिल्यापेक्षा खाली राहतो. हवा जितकी कोरडी तितके दोघांतले अंतर मोठे. माळव्यातल्या मे महिन्याच्या भर दुपारी साधा ४२ दाखवीत असता ओला बाविशीच्या आसपास असू शकतो. वाळ्याच्या ताट्या आणि मातीचे रांजण याच अंतरावर गार होतात, आणि पावसाळ्यात हे अंतर मिटले की ताट्यांचा उपयोग संपतो. तिसरा दिवसाच्या कमाल उष्णमानाचा. त्याच्या नळीत फुग्याजवळ एक चिंचोळी मान असते. तापताना पारा तीतून जोराने वर जातो, निवताना मात्र धागा तेथे तुटतो आणि वरचा भाग जागीच राहतो. घरोघरच्या तापाच्या थर्मामीटरातही हीच मान असते, आणि तो झटकावा लागतो तो याचसाठी.

त्या घरगुती यंत्राबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण मराठी घरात थर्मामीटर म्हटला की तोच. लायप्झिगचे वैद्य वुंडरलिख यांनी १८६८ साली सुमारे पंचवीस हजार रोग्यांच्या नोंदी अभ्यासून निरोगी शरीराचे उष्णमान ३७ अंश सेल्सिअस ठरविले. फॅरनहाइटच्या पट्टीवर ते ९८.६ होते. त्यांचा थर्मामीटर जवळजवळ फूटभर लांब होता व काखेत पाव तासाहून अधिक वेळ धरावा लागे. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये क्लिफर्ड ऑलबट यांनी सहा इंचांचा थर्मामीटर काढला आणि तो डॉक्टरांच्या खिशात गेला. टायफॉइडच्या दिवसांत रोग्याच्या उशाशी बसून दर चार तासांनी आकडा कागदावर मांडणाऱ्या आयांना त्या चढत्या-उतरत्या रेघेवरून डॉक्टर येण्याआधीच पुष्कळ कळत असे. देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारल्यावर हवा सेल्सिअसमध्ये मोजली जाऊ लागली, पण ताप अजूनही फॅरनहाइटमध्येच येतो. 'पोराला एकशे दोन ताप आहे' म्हटले की सगळे घर जागे होते. 'एकोणचाळीस ताप आहे' म्हटले तर कोणी कूस बदलणार नाही.

आता हा पारा घरातून आणि वेधशाळांतून निघून चालला आहे. फुटलेल्या थर्मामीटरातले चंदेरी मणी तळहातावर खेळविण्याचा मुलांचा खेळ निष्पाप नव्हता. पाऱ्याची वाफ मज्जासंस्थेला बाधते. जपानमधील मिनामाता या गावाच्या नावाने २०१३ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात पाऱ्याचे थर्मामीटर करणे आणि त्यांची आयात-निर्यात थांबविण्यासाठी २०२० हे साल ठरले. काही देशांना मुदतवाढीची सोय होती. भारताने २०१८ साली त्या कराराला मान्यता दिली. पाऱ्याच्या जागी विजेच्या रोधावर चालणारी साधने येत आहेत. आरोग्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. पण हवामानाच्या नोंदींना यात एक धोका आहे, तो बाहेरच्या माणसाला दिसत नाही. कोठेही पन्नास वर्षांत हवा किती तापली हे शोधावयाचे तर अर्ध्या-पाऊण अंशाचा हिशेब करावा लागतो, आणि यंत्र बदलले, पेटी हलविली किंवा शेजारी सिमेंटचा रस्ता झाला तर तेवढा फरक यंत्राच्या बदलानेच पडू शकतो. मग तापली ती हवा की बदलले ते यंत्र, हे सांगणे अशक्य होते. यावर उपाय जुनाच आहे. वोल्फने केला तोच. नवे आणि जुने यंत्र शेजारी शेजारी ठेवून पुष्कळ दिवस दोघांचे आकडे लिहावयाचे व फरक नोंदवून मगच जुने काढावयाचे. जेथे हे घाईने उरकले जाते तेथे आधीच्या माणसांनी पहाटे उठून लिहिलेल्या वह्या अर्ध्या वाया जातात.

पेटीतल्या चौथ्या थर्मामीटरात पारा नाहीच. तो रात्रीच्या किमान उष्णमानाचा. त्यात मद्यार्क असतो आणि मद्यार्कात बुडालेली एक लहानशी काचेची कांडी. निवताना मद्यार्काचा पृष्ठभाग कांडीला फुग्याच्या दिशेने मागे ओढतो. तापताना मद्यार्क तिच्या बाजूने पुढे निघून जातो आणि कांडी जेथल्या तेथे पडून राहते. माळव्याच्या रात्री गारव्यासाठी जुन्या काळापासून नावाजलेल्या आहेत. अवधची सायंकाळ, काशीची सकाळ आणि माळव्याची रात्र असे उत्तरेत म्हणतात. त्या रात्रीचा गारवा किती होता, हे सकाळी ही कांडी सांगते. साडेआठच्या वेळी निरीक्षक पेटीचे दार उघडतो, कांडीच्या फुग्यापासून दूरच्या टोकाचा आकडा वाचतो, नळी किंचित कलती करून कांडी पुन्हा पृष्ठभागापाशी आणून ठेवतो आणि दार लावतो. हे दार नेहमी उत्तरेकडे असते, म्हणजे उघडताना सूर्य आत पडणार नाही. उज्जयिनीत मात्र जूनच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्यही पाव अंशाच्या आत-बाहेर, किंचित उत्तरेलाच असतो.